मुदतीवरचा माल

आमच्या आप्पांना बीडच्या कोर्टानं नादार ठरवलं, तेव्हा मी त्याच गावात बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होते. कॉलेजच्या फाटकातून कोर्टाची इमारत दिसायची. तरी आप्पांनी मला एकाही तारखेचा पत्ता लागू दिला नाही. वडील म्हणजे आप्पा सकाळच्या एसटीनं गेवराईहून यायचे, कोर्टाचं काम उरकायचे आणि मला न भेटता परत जायचे. परीक्षा झाली, निकाल लागला, आमच्या घराण्यातली पहिली पदवी माझ्या हातात आली. ती घेऊन गेवराईला गेले, तर दुकानाला कुलूप आणि ओसरीवर सामानाची बोचकी. उमापूरला, म्हणजे आमच्या मूळ गावी, बिऱ्हाड हलवायचं ठरलं होतं.

आई म्हणाली, "पास झालीस ते लई बरं झालं. पेढे उमापुरात वाटू. हितं नको."

नादार म्हणजे ज्याच्याकडं देण्यासारखं काही उरलं नाही असं कोर्टानं मान्य केलेला माणूस. मग घेणेकऱ्यांनी त्याच्या दारात येऊन बसायचं नाही, जे काय शिल्लक असेल ते कोर्टामार्फत वाटून घ्यायचं. कायद्याच्या बाजूनं तिथं विषय संपतो. बाजारात तो तिथून सुरू होतो.

आप्पांचं गेवराईत कापडाचं दुकान होतं. सुटिंग-शर्टिंगचे तागे, धोतरं, लुगडी. कात्री लावली की कापड सरळ फाटत जायचं, असा त्यांचा हात. पण नव्वद उलटून दोन-तीन वर्षं झाली आणि गावात रेडिमेड पँटी आल्या. टीव्हीवर बघून पोरं तीच मागायला लागली. मापं द्या, शिंप्याकडं हेलपाटे घाला, आठ दिवस थांबा, हे कुणाला नको झालं. आप्पांना वाटलं, हे सिनेमाचं वेड आहे, लग्नसराईत लोक परत कापडावरच येतील. म्हणून त्यांनी बीडच्या कापड गल्लीतून उधारीवर आणखी तागे भरले. लोक कापडावर आले नाहीत. एवढी साधी गोष्ट. जुगार नाही, दारू नाही, कुणी फसवलं नाही. काळ बदलला आणि आमच्या आप्पांनी तो बदलणार नाही यावर पैसे लावले.

आता एक गोष्ट मान वर करून सांगते. कोर्टात अर्ज द्यायच्या आधी आप्पांनी दुकानात उरलेले सगळे तागे टेम्पोत भरले आणि ज्याचे त्याला नेऊन दिले. वकील ओरडला, असं वाटप परस्पर करता येत नाही म्हणाला. आप्पा म्हणाले, "माल त्यांचा हाय. मला तो ठिवता येत न्हाई." टेम्पोचं भाडं आईच्या पाटल्या विकून दिलं.

हे सगळं करूनही आप्पा पुढं कधी कापड गल्लीत गेले नाहीत. कोर्टाच्या कामाला बीडला जावंच लागे. पण स्टँडवर येताना गल्ली टाळून ते लांबच्या रस्त्यानं वळसा घालून यायचे, उन्हातान्हात. हे मला आमच्याच गावच्या एका कंडक्टरनं सांगितलं. तो हसत सांगत होता, मला हसू आलं नाही. त्या दिवशी मी ठरवलं, या गल्लीत आमच्या घराच्या शब्दावर पुन्हा माल मिळाला पाहिजे. मामा म्हणत होता, बँकेच्या परीक्षा दे, शहाणी हो. परीक्षा मी दिल्या, एक पासही झाले असते कदाचित. पण नोकरीनं माझं पोट भरलं असतं, आप्पांचा वळसा सुटला नसता.

उमापूरच्या आठवडी बाजारात मी ताडपत्री टाकून कापड विकायला बसले. ग्रॅज्युएट पोरगी बाजारात बसते याचं गावाला आठ दिवस नवल वाटलं, मग भाव करायला लागले. परकर, ब्लाऊजपीस, टॉवेल, स्वस्तातल्या साड्या. आप्पा मागं बसून घड्या घालायचे. गिऱ्हाइकाशी बोलायचे नाहीत.

माल आणायला मी बीडला जायची. गल्लीतल्या होलसेल दुकानांत पांढऱ्याशुभ्र गाद्या असतात, लोड लावलेले. ज्याला उधारीवर माल मिळतो तो व्यापारी चपला काढून गादीवर बसतो, मग चहा, मग माल. रोखीवाला पायरीशी उभा राहतो. पैसे देतो, गठ्ठा उचलतो. मी रोखीवाली. वर्षभर मी पायरीशी उभी राहिले आणि मनात म्हणत राहिले, बघताहेत ना, एक रुपया बाकी ठेवत नाही आपण, एक दिवस यांना समजेल.

ज्यांच्याकडून मी जास्त माल घ्यायची ते एक मुसलमान व्यापारी होते. पिकलेली दाढी, नाकावर चष्मा, गल्लीत सगळे त्यांना चाचा म्हणत. आप्पांचे तागे परत घेणाऱ्यांत तेही होते. एकदा धीर करून मी म्हणाले, "चाचा, वर्ष झालं, मी एकदाही पैसे बुडवले न्हाईत. थोडा माल उधार द्या की."

ते म्हणाले, "बुडवशील कशी? मी उधार दिलंच न्हाई. रोकडीवाल्याचा पैसा मी ओळखतो बेटी, माणूस न्हाई ओळखत."

खरं होतं ते. वर्षभर चोख व्यवहार करून माझी पत कवडीनंही वाढली नव्हती.

त्याच वर्षी पावसाळ्याच्या शेवटाला ते घडलं. आमच्या भागातली निम्मी माणसं दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊस तोडायला पश्चिमेकडच्या कारखान्यांवर जातात. निघायच्या आधी मुकादम त्यांना उचल देतो, म्हणजे पुढच्या मजुरीची आगाऊ रक्कम. उचल हातात पडली की बाजार फुलतो. अशाच एका बाजारात एक बाई माझ्यासमोर उकिडवी बसली. मी साडी दाखवायला लागले तर म्हणाली, "साडी ठिव. शर्ट हाय का, लांब बाह्याचा?"

"मालकाचं माप काय?"

"मालकाला कशाला? त्यो घेईल त्याचं. मला पायजे."

मला वाटलं चेष्टा करते. तिनं दोन्ही हात पुढं केले. कोपरापासून मनगटापर्यंत बारीक बारीक रेघा, जुन्या, पांढऱ्या पडलेल्या. उसाचं पान हातावरून ओढलं गेलं की पात्यासारखं कापतं.

"साडीवरून शर्ट घालतो आमी फडात. नवऱ्याचा जुना ऱ्हातो अंगावर, त्यो बी फाटका. ह्या साली म्हणलं नवा घ्यावा. कॉलेजात गेलतीस म्हणं तू, आन एवढं म्हाईत न्हाई?"

बाजूच्या बाया हसल्या. मी पण हसले. आणि मला चाचांच्या दुकानातले ते गठ्ठे आठवले. मागच्या खोलीत दारामागं शर्टांचे दोन गठ्ठे पडून होते. जाड कापड, लांब बाह्या, दुहेरी कफ, कॉलर अशी लांबलचक की ती फॅशन जाऊन जमाना झाला होता. रंग सगळे मळखाऊ, राखी आणि तपकिरी. चाचांनी ते कुठल्याशा बंद पडलेल्या कारखान्याकडून घेतले होते आणि त्याबद्दल त्यांची बायको त्यांना अजून बोलत होती.

दुसऱ्या दिवशी मी बीडला गेले. "चाचा, ते शर्ट मला द्या. उधारीवर."

"ते? ते कोण घेणार?"

"ते माझं मी बघते."

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. बहुतेक त्यांनी मनात हिशेब केला की हा माल नाही तरी उंदीरच खाणार. "एक गठ्ठा ने. मुदत दीड महिना," ते म्हणाले. त्यांनी भाव सांगितला, मी कमी करा म्हटलं नाही. नादारीनंतर घराच्या नावावर आलेला तो पहिला मुदतीवरचा माल. गठ्ठा एसटीच्या टपावर चढवताना मी हमालाला हात लावू दिला नाही, शिडीवरून मीच वर ढकलला.

शर्ट दोन बाजारात संपले. पहिल्या बाजारात त्या बाईनं एक घेतला, अंगात घालून सगळ्या बाजारभर फिरली, आणि दुपारी तिच्या ऊसतोडीच्या टोळीतल्या बाया आल्या. दुसऱ्या बाजारात तर एका शर्टावर दोघी भांडल्या. भाव मी एकच ठेवला होता, त्यात नफाही चांगला होता, आणि कुणालाही पैसा कमी केला नाही.

आता माझ्या पुस्तकी शिक्षणाची गंमत. बी.कॉम.ला आम्हाला रोख सवलतीचा धडा होता. देणं मुदतीच्या आधी चुकवलं की सूट मिळते आणि बाजारात नाव होतं, असं मी परीक्षेत चार पानं लिहिलं होतं. त्यात मला मार्कही चांगले पडले होते. म्हणून मी सगळे पैसे रुमालात बांधले आणि दुसऱ्याच दिवशी बीड गाठलं. मुदतीला अजून महिना होता.

चाचांनी रुमाल हातात घेतला नाही. "एवढ्या लवकर?"

"सगळे गेले, चाचा."

"कुणाला दिले?"

"बाजारात. बायांना."

"कितीला?"

मी भाव सांगितला. चाचांनी रस्त्याकडं बघितलं. मग पैसे घेतले आणि म्हणाले, "बरं. जा बेटी."

"दुसरा गठ्ठा द्या की."

"नंतर बघू."

सूट राहिली बाजूला, मला नीट काही कळेचना. गल्लीतून बाहेर पडताना समोरच्या साड्यांच्या व्यापाऱ्यानं हाक मारली. त्यानं आठवड्यापूर्वी मला थोड्या साड्या जांगडावर दिल्या होत्या. जांगड म्हणजे खपल्या तर पैसे, नाही तर माल परत. तो म्हणाला, "माझ्या साड्या उद्या परत आणून दे." का म्हणून, असं मी विचारलं तर तो गठ्ठे लावायला वळला. त्याच्या गादीवर बसलेला एक दलाल मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाला, "बापानं दुकान मोडून मग गल्ली सोडली. लेकीनं फुंकण्यापासूनच सुरुवात केली बघा."

एसटीत मी खिडकीशी बसून होते. रडले नाही, पण गेवराई कधी आलं आणि कधी गेलं ते समजलं नाही.

घरी आप्पा ओट्यावर बसले होते, कपाळावर भस्माची बोटं. मी विचारलं, "आप्पा, माल फुंकणं म्हणजे काय?"

त्यांनी हातातली सुतळी खाली ठेवली. "कोण म्हणलं?"

मी सगळं सांगितलं. आप्पांनी बोटांवर दिवस मोजले. मग म्हणाले, "दीड महिन्याची मुदत आन तू पंधरवड्यात पैसे टाकून आलीस?"

"लवकर दिले तर त्यात वाईट काय?"

"अगं माय, ज्याला गाव सोडून पळायचंय ना, त्यो काय करतो म्हाईत हाय का? सगळ्या गल्लीतून उधारीवर माल उचलतो. आन आडगावाला नेऊन पडत्या भावात रोखीनं विकतो. पहिल्यांदा थोडं थोडं देणं लवकर देतो, भरवसा बसावा म्हणून. मंग मोठा माल उचलतो आन गायब. त्याला फुंकणं म्हणत्यात. त्या शर्टाला कुत्रं हुंगत नव्हतं, ते तू पंधरवड्यात विकले म्हणतीस, ते बी चढ्या भावानं. थाप मारतीस, माल फुंकून आलीस, असंच समजणार ना ते?"

"पण मी खरंच विकले."

"मला म्हाईत हाय, मी मागंच बसलो होतो. त्यांनी कुठं बघितलंय?" ते थांबले. "मुदत म्हणजे मुदत. तिच्या अलीकडं बी न्हाई, पलीकडं बी न्हाई. तेवढे दिवस त्यो माणूस तुझ्यावर विसंबून ऱ्हातो. तू आधीच पैसे दिलेस म्हंजे त्याला विसंबायचं कामच ठिवलं न्हाई."

आई आतून म्हणाली, "ऱ्हाऊ दे आता ते. बँकेत लाग माय. हे आपल्याला लाभत न्हाई."

आप्पांनी सुतळी परत उचलली आणि मान खाली घालून गुंडाळत बसले. आईच्या बोलण्यापेक्षा मला ते जास्त लागलं. कारण आता वळसा घालायला घरात दोन माणसं झाली होती.

मी दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं परत बीडला गेले. साड्या त्या व्यापाऱ्याच्या पायरीवर ठेवल्या, एकेक उलगडून दाखवली आणि मोजून घ्या म्हणाले. मग चाचांच्या दुकानात शिरले. पायरीशी उभी राहिले नाही. चपला काढल्या आणि गादीच्या कडेला बसले. चाचांचा मुनीम चपापला.

मी म्हणाले, "चाचा, आमच्या आप्पांनी कधी माल फुंकला?"

"तुझा बाप? न्हाई. टेम्पो भरून माल परत आणला त्यानं. असं करणारा म्या दुसरा बघितला न्हाई. म्हणून तर तुला गठ्ठा दिला."

"मग मी कुणाची लेक?"

"म्हणून तर बेटी जास्त वाईट वाटलं."

"वाईट वाटून घेण्याआधी एकदा बघायला यायचं. बाजाराच्या दिवशी उमापूरला या. राहिलेला गठ्ठा घेऊन या. तुमच्यासमोर विकते, त्याच भावात. न्हाई विकला तर गठ्ठा तुमचा, जीपचं भाडं माझं, आन मी या गल्लीत परत येणार न्हाई."

चाचांनी दाढीवरून हात फिरवला. "ह्या वयात मला बाजारात बसवणार तू?"

"मी बसते की. मी तर ग्रॅज्युएट हाय."

मुनीम फिसकन हसला. चाचा हसले नाहीत, पण बाजाराच्या दिवशी सकाळी उमापूरच्या बाजाराच्या माळावर एक जीप येऊन थांबली आणि तिच्या कॅरियरवर दोरीनं बांधलेला गठ्ठा होता.

आप्पा ताडपत्रीच्या खुंट्या ठोकत होते. चाचांना बघितलं आणि ते उठून उभे राहिले, हातातला दगड तसाच. टेम्पो रिकामा केल्यापासून हे दोघे भेटले नव्हते. मला वाटलं आप्पा आता तसेच घरी निघून जातील. चाचांनी जवळ येऊन सलाम केला आणि म्हणाले, "काय शेठ, एक बाजू ढिली हाय तुमची. ती खुंटी अजून ठोका."

आप्पांनी खुंटी ठोकली. मग दोघं जण उलट्या टोपल्यांवर शेजारी बसले आणि पावसाबद्दल बोलायला लागले, जणू रोज भेटतात.

मी मात्र आतून धसकले होते. उचल वाटून बरेच दिवस झाले होते, काही टोळ्या निघूनही गेल्या होत्या. सकाळचा अर्धा प्रहर कुणी फिरकलं नाही. एक म्हातारा आला, त्यानं टॉवेल बघितला आणि ठेवला. चाचा घड्याळ बघत होते. मग ओढ्याकडून बायांचा एक घोळका आला. लांबच्या वस्तीवरची टोळी होती, संध्याकाळी त्यांचा ट्रक निघणार होता.

पुढची बाई म्हणाली, "शर्टवाली तूच का? आमच्या नणंदेनं नेला तुझ्याकून. संपले म्हणून सांगितलं मला, भवानीनं."

"आजच आलेत."

तिनं एक उचलला, साडीवरून अंगात घातला, बाह्या खाली ओढल्या, हात पुढं-मागं करून कोयता चालवल्यासारखं केलं. "बगलंत दाटत न्हाई. कितीला?"

मी भाव सांगितला.

"लई होतंय. दोन घेते, कमी कर."

"एक घे की दोन घे, भाव एकच."

"आगं, नवा शर्ट उसात घालायचा. वरातीत न्हाई चाललो आमी."

"म्हणूनच जाड हाय. वरातीतला शर्ट दोन दिवसात चिंध्या होईल फडात. हा पट्टा पडंपर्यंत टिकल."

पट्टा पडणं म्हणजे कारखान्याचा हंगाम संपणं. ते ऐकून ती माझ्याकडं बघून हसली आणि कमरेची पिशवी सोडली. मागची एक जण चाचांकडं बोट करून म्हणाली, "हे कोण बसलेत दाढीवाले? तपासणीला आलेत का काय?"

"मालाचे मालक हायेत."

"मंग त्यांनाच सांगते. चाचा, शर्ट झ्याक हाय, पण खिसा केवढा लावलाय? मिसरीची डबी बसत न्हाई त्यात. बायाला खिसा लागतो, म्हाईत न्हाई का तुमाला?"

चाचा गडबडले. "ते... शर्ट पुरुषांचे हायेत, बाई."

"पुरुष कुठं उभा हाय हितं घ्यायला?"

सगळ्या खळखळून हसल्या. आप्पासुद्धा हसले. ते हसू मी गेवराई सुटल्यापासून बघितलं नव्हतं. चाचांनी खिशातून पेन काढलं आणि सिगारेटच्या पाकिटावर खिशाचं माप लिहून घेतलं. तिच्याकडून डबी मागून घेतली आणि पाकिटावर ठेवून बघितली.

दुपारपर्यंत गठ्ठ्याचं पोतं रिकामं झालं. मी पैसे चाचांच्या पुढ्यात ठेवले. आप्पा माझ्याकडं बघत होते. चाचांनी पैसे उचलले, सारखे केले आणि परत माझ्या हातात दिले.

"हे काय?"

"दीड महिना," ते म्हणाले. "मुदत आजपासून दीड महिना. तवा घेऊन ये. आज मी पैसे घेतले तर तुझ्यावर भरवसा ठिवला असं कसं होईल? तोवर ह्याच्यात दुसरा माल भर, फिरव. पैसा फिरवायला असतो बेटी, रुमालात बांधायला न्हाई." मग आप्पांकडं वळून म्हणाले, "शेठ, लेक लई हुशार हाय. फक्त घाई करती."

आप्पा म्हणाले, "कॉलेजात शिकवत्यात तसं."

मुदतीच्या दिवशी मी पैसे नेले. आदल्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. मुनीमानं गादीवर बसायला जागा केली. ज्या व्यापाऱ्यानं साड्या परत मागितल्या होत्या, त्यानं त्याच्या पायरीवरून विचारलं, "आमच्याकडं येत न्हाई का आता?" मी म्हणाले, "येईन की, सवडीनं." चहा पिऊन झाल्यावर गेले. इतकी ऐट मी केली, कबूल करते, आणि मला ती अजून आवडते.

पुढच्या हंगामाला चाचांनी मोठ्या खिशाचे शर्ट शिवून घेतले, खास बायांसाठी. आमच्या बाजारातून ते आजूबाजूच्या बाजारांत गेले. ताडपत्रीचं पत्र्याचं दुकान झालं. कुणी नवा व्यापारी मला माल देण्याआधी गल्लीत चौकशी करायचा, तेव्हा चाचांच्या तोंडून एकच शब्द निघायचा असं मला मुनीमानं सांगितलं: "मुदतीची." आजकाल बँका संगणकावर माणसाची पत आकड्यात काढतात म्हणे. आमच्या वेळी तो आकडा असा तोंडी असायचा, आणि तो मिळवायला मला माझ्या डिग्रीपेक्षा जास्त मेहनत पडली. दोन्हींचा मला सारखा अभिमान आहे.

पण बिलावर नाव माझं असायचं. आप्पा घड्या घालायचे, कापड मोजायचे, आता गिऱ्हाइकाशी दोन शब्द बोलायचेही. बीडला मात्र जायचे नाहीत. कोर्टानं त्यांना नादारीतून मोकळं केल्याचा कागद आला, तो त्यांनी देव्हाऱ्याच्या फळीवर ठेवला, तरी गेले नाहीत. मीही कधी म्हणाले नाही. काही गोष्टी लेकीनं बापाला म्हणू नयेत.

एका उन्हाळ्यात, शाळा उघडायच्या तोंडाला, मला कावीळ झाली. डॉक्टरांनी महिनाभर हलू नको म्हणून सांगितलं. दुकानातला माल आटत आला होता. मी यादी करून चाचांना निरोप पाठवायचं म्हणत होते. सकाळी उठून बघते तर आप्पांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं, टोपी घातली होती आणि आईकडं एसटीपुरते सुटे पैसे मागत होते.

"आप्पा, यादी?"

"पाठ हाय."

दिवसभर मी खाटेवर पडून दाराकडं बघत होते. आई दोनदा फाट्यापर्यंत जाऊन आली. शेवटची गाडी यायच्या आधीच्या गाडीनं आप्पा उतरले. हमालाच्या डोक्यावर गठ्ठा, आप्पांच्या खांद्यावर अजून एक. खांद्यावरचा त्यांनी अंगणात उतरवला, तर त्यात निळं आणि पांढरं कापड, तागेच्या तागे. गणवेशाचं. माझ्या यादीत ते नव्हतं. आजूबाजूच्या वाड्या-वस्त्यांची पोरं गणवेशासाठी गेवराईला जातात, हे मला सुचलंच नव्हतं.

मी विचारलं, "आप्पा, हे जास्तीचं कुणाच्या नावावर घेतलं?"

"माझ्या."

"चाचा काय म्हणाले?"

"काय म्हणणार?" त्यांनी टोपी काढून घाम पुसला. "मी मुदत विचारली. त्यांनी सांगितली."

आईनं पाण्याचा तांब्या पुढं केला. तो घेता घेता ते म्हणाले, "यायला थोडा उशीर झाला. गल्लीत जो तो बसवून घेत होता." मग अंगणातच मांडी घातली, तागा उलगडला, कापडाचा काठ बोटांत धरून नीट बघितला आणि आईला कात्री आणायला सांगितली.